हलाखीची पाहणी

“हलाखी दाखवायची म्हणजे नेमकं काय दाखवायचं?” कप्तानानं विचारलं, तशी मावशींच्या लॉजच्या जेवणघरात लांब लांब बसलेली सगळी माणसं एकमेकांच्या मास्ककडे बघू लागली.

प्रश्न रास्त होता. सरकारी पत्रातला शब्दच तसा होता. उत्तरेकडच्या पर्यटन व्यवसायाची हलाखी प्रत्यक्ष पाहायला राजधानीतून एक अधिकारी बाई येणार होत्या, आणि पाहणीत हलाखी दिसली तरच सरकार मदतीचा हात पुढे करणार होतं. आता या गावानं जन्मभर दाखवण्याचंच काम केलेलं. तळं दाखवलं, धबधबा दाखवला, उन्हाळ्यात मावळायला विसरणारा सूर्य दाखवला. हिवाळ्यात आभाळात हिरवा उजेड नाचतो तो दाखवला, आणि एखाद्या दिवशी तो नाचला नाही तर ‘काल काय नाचला म्हणून सांगू’ असं म्हणत पाहुण्यांना कालचा उजेडही दाखवला. पण हलाखी कुठे उभं राहून दाखवायची, ती सकाळी चांगली दिसते की संध्याकाळी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मावशींनी चष्मा पुसला. लॉज त्यांचं, आणि गावातल्या हॉटेलवाल्या-बोटवाल्यांच्या संघटनेचं अध्यक्षपदही त्यांचंच. साथ आली, दक्षिणेकडचे रस्ते बंद झाले, आणि रस्ता संपतो तिथं वसलेल्या या गावात यायचं कोणी, असा प्रश्न पडला. तेव्हापासून दोन उन्हाळे मावशी सरकारच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. फोन केले, अर्ज केले, व्हिडिओवरच्या बैठकांना बसल्या. फोन कसा धरायचा हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, त्यामुळे पलीकडच्या साहेबांना मावशींचं कपाळ आणि वरचं छत एवढंच दिसायचं. एका साहेबांनी तर सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, छत मात्र छान ठेवलंय तुम्ही. मावशींनी तेव्हा त्यांचे आभार मानले होते.

“ऐका,” आता त्या म्हणाल्या. “गुरुवारपर्यंत कोणी झाडू हातात धरायचा नाही. रंगाचा ब्रश नाही, कुंड्यांना पाणी नाही. आहे तसं राहू द्यायचं. बाई आल्या की सरळ सांगायचं, आमचं कंबरडं मोडलंय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. बसवाल्यानं विचारलं, टायरमधली हवा काढून ठेवू का. मावशींनी त्याला सांगितलं की एवढं नाटक करायची गरज नाही, तुझी बस आहे तशीच पुरेशी हलाखीची आहे.

कप्तान म्हणजे काही जहाजाचा कप्तान नव्हे. तळ्यावर पाहुण्यांना फिरवून आणणारी एक लाकडी बोट, तिला छप्पर, दोन्ही बाजूंना बाकं, आणि पुढे सुकाणूपाशी हा माणूस एका हातात माईक धरून उभा. कोणीतरी चेष्टेनं कप्तान म्हणालं आणि ते चिकटलं. बोट त्याच्या वडलांनी बांधून घेतलेली, तीही त्याच्या जन्माआधी, म्हणून घरात तिला थोरली म्हणायचे. कप्तान धाकटा. लहानपणी वडील रागावले की म्हणायचे, थोरलीला एकदा सांगितलं की कळतं, तुलाच दहादा सांगावं लागतं. या बोटीचा त्याला तेव्हा फार हेवा वाटायचा.

दोन उन्हाळे थोरली धक्क्याला बांधून होती, आणि दक्षिणेकडच्या एका कंत्राटदाराचा तिच्यावर डोळा होता. तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला बांधाचं काम चाललं होतं, तिथं दगड वाहायला त्याला बोट हवी होती. बाकं काढून टाकू, छप्पर उतरवू, पोट दणकट आहे तिचं, असं तो फोनवर म्हणाला होता. कप्तानानं त्याला आज-उद्या करत झुलवत ठेवलं होतं. मदत आली तर बोटीवरच्या कर्जासाठी बँक थांबणार होती आणि थोरली राहणार होती. नाही आली तर महिनाअखेरीला ती दगड वाहायला जाणार होती. हे घरात नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळे दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

गुरुवार यायला अजून अवकाश होता. त्या दिवसांत काहीही न करण्याचं काम गावाच्या अंगावर येऊन पडलं. उत्तरेतल्या उन्हाळ्याचा दिवस संपतच नाही. सूर्य डोंगराच्या कडेपर्यंत जातो, जरासा टेकतो आणि काहीतरी विसरल्यासारखा परत वर येतो. गर्दीच्या वर्षांत एवढा उजेडही पुरत नसे. आता तो रिकाम्या धक्क्यावर, उलट्या करून ठेवलेल्या खुर्च्यांवर, बंद दुकानांच्या काचांवर नुसता पडून असायचा. आज वार कोणता, हे कोणाला चटकन सांगता यायचं नाही. माणसं झोपून उठायची, चहाचा कप घेऊन पायरीवर येऊन बसायची, आणि हा चहा सकाळचा की संध्याकाळचा यावरून नवरा-बायकोत वाद व्हायचे.

कप्तान धक्क्यावर जाऊन बसायचा. पाणी इतकं निवांत असायचं की थोरलीच्या पोटाखाली दुसरी थोरली उलटी झोपलेली दिसायची. तिच्याकडे बघता बघता त्याचा डोळा लागायचा, आणि मग पाहुणे यायचे. फळीवर पावलं धबाधबा वाजायची. कोणाच्या गळ्यात कॅमेरा, कोणाची टोपी वाऱ्यानं उडालेली, एखादं नवं जोडपं मागचं बाक पकडायला धावत सुटलेलं. एक वयस्कर गृहस्थ दर खेपेला बोटीत पाऊल टाकताना विचारायचे, फार हलते का हो बोट? कप्तान म्हणायचा, काका, बोट नाही हलत, तळं हलतं. सगळे हसायचे. डोळा उघडला की फळी मोकळी दिसायची, पण ते हसू थोडा वेळ पाण्यावर ऐकू येत राहायचं. घरीही तीच गत. झोपेत तो ‘आता डावीकडे पाहा’ असं पुटपुटला की शेजारी बायको खरोखर डावीकडे वळून बघायची, आणि मग स्वतःवरच चिडायची.

त्यात मावशींचा हुकूम पाळायचा होता, आणि तो पाळणं महाकठीण होतं. थोरलीच्या कठड्याचा रंग पोपडे धरून सुटत होता. कप्तान एखाद्या पोपड्याकडे बघायचा, तो खरवडायला नख पुढे करायचा आणि पुन्हा हात खिशात कोंबायचा. डोळ्यांना बघवत नाही, असं त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग दुसरीकडे बघा, एवढं मोठं तळं पसरलंय ते कमी पडतंय का. पण ती तरी कुठे कमी होती? दारातल्या पायरीवर वाळकी पानं साठू द्यायची असं ठरलेलं असताना ती येता-जाता पायानं ती हळूच बाजूला सारायची, आणि विचारलं की म्हणायची, वारा आला असेल.

गुरुवारी कप्तान पहाटेच धक्क्यावर गेला, नुसतं बघून येतो म्हणून. थोरलीच्या तळाशी पाणी साचलं होतं. ते उपसायलाच हवं होतं, कारण ते सुरक्षेचं काम, त्याला काही आवराआवर म्हणत नाहीत. पाणी उपसल्यावर तळ ओला राहिला, म्हणून त्यानं तो पुसला. तळ पुसल्यावर बाकं मळकी दिसायला लागली. बाकं लख्ख झाली तेव्हा कठडा डोळ्यांत खुपायला लागला. फडताळात एका डब्याच्या तळाशी थोडा पांढरा रंग उरला होता. तो तसाही वाळूनच गेला असता. ऊन चांगलं वर आलं तेव्हा थोरली अशी झळकत होती की कप्तानच दोन पावलं मागे सरला. आता हिला हलाखीची कसं करायचं? त्यानं काठावरची मूठभर माती उचलली, कठड्यापाशी आला, बराच वेळ उभा राहिला, आणि माती पाण्यात टाकून हात धुतले.

मावशींपुढे कबुली द्यायला तो चढ चढून गेला. बघतो तर काय, मावशी स्टुलावर चढून जेवणघराच्या खिडकीला धुतलेले पडदे लावत होत्या.

“मळके बरे दिसत नव्हते रे,” त्या वळून न बघता म्हणाल्या.

बाहेर बसवाला बसची पुढची काच घासत होता. दुकानवालीच्या कुंड्यांमधून पाणी ठिबकत होतं. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडलेला होता, आणि तो कोणी झाडला हे कोणीही कबूल करायला तयार नव्हतं. मावशी आणि कप्तान दारात उभे राहून हसत सुटले. हसता हसता मावशींना ठसका लागला, मग कप्तानाचा दंड धरून त्या म्हणाल्या, “आमच्यानं काही व्हायचं नाही. आम्ही त्यांना चहा घेता का म्हणून विचारत बसू. तुझ्या बोटीत त्या एकट्या असतील. तू सांग. तळ्याच्या मध्यावर नेऊन सांग, तिथून कोणाला उठून जाता येत नाही.”

घरी बायकोनं त्याच्यासाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता, आणि घडी केलेलं एक ब्लँकेटही. पाण्यावर गारठा असतो, मॅडमना सवय नसेल, असं तिचं म्हणणं. शर्टाचं वरचं बटण लावताना ती म्हणाली, “आज ते पाठांतर नको. थोरली जाईल, एवढं एक वाक्य बोला. पुढचं त्यांचं त्या समजून घेतील.”

“एकच ना,” कप्तान म्हणाला. “बोलतो की.”

गावाची कल्पना अशी की मोठी गाडी येईल, मागे दुसरी गाडी येईल, आणि एक भारदस्त बाई उतरून नाक मुरडतील. प्रत्यक्षात एका साध्या गाडीतून चाळिशीतली एक किरकोळ अंगाची बाई उतरली. मास्कच्या वर दिसायचे ते फक्त डोळे, आणि ते तांबारलेले. गाडीच्या चालकानं हळूच बसवाल्याला सांगितलं की साथ आल्यापासून मॅडमना खात्यावर खाती बदलून दिली. आधी दवाखान्यातल्या खाटा, मग धान्य, मग स्मशानांची व्यवस्था, आणि आता हे.

मावशी स्वागताला पुढे झाल्या. तोंडातून पहिलं वाक्य निघालं, प्रवास कसा झाला. दुसरं निघालं, वरच्या खोलीतून तळं फार छान दिसतं. मॅडम पडदे बघून, फुलं बघून म्हणाल्या, किती छान ठेवलंय हो सगळं. आता इथे मावशींनी म्हणायचं होतं की कसलं छान, आमचं कंबरडं मोडलंय. त्या म्हणाल्या, “तुमच्यासारखी माणसं येतात, म्हणून उत्साह वाटतो.” मागे उभ्या असलेल्या बसवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला.

मॅडमनी सरळ सरळ विचारलं होतं. खोल्या भरतात का? भरतील हो, मावशी म्हणाल्या. दुकान चालतं का? चालायचंच, दुकानवाली म्हणाली. बसवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, बसा ना, धबधब्यापर्यंत सोडतो. हे खोटं बोलणं नव्हतं. पाहुण्यापुढे आपलं दुखणं काढायचं नाही, हे या माणसांच्या हाडीमाशी खिळलेलं. छप्पर गळो, आचारी पळून जावो, पाहुण्याला कळता कामा नये. मावशींचे यजमान गेले त्या दिवशीही मावशींनी सकाळची न्याहारी वाढली होती, आणि कोणी विचारलं तेव्हा ते बाहेरगावी गेलेत म्हणून सांगितलं होतं. अशा बाईला एका पत्रानं हलाखी दाखव म्हटलं तर ती दाखवणार कशी?

शेवटी मॅडम थोरलीवर आल्या. फळीवरून एकच जोडी पावलं वाजली. बोटीत पाय ठेवता ठेवता त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “फार हलते का हो बोट?”

स्वप्नातलं वाक्य असं दिवसाढवळ्या कानावर पडेल असं कप्तानाला कधी वाटलं नव्हतं. पुढचं त्याच्या हातात राहिलं नाही. “मॅडम,” तो म्हणाला, “बोट नाही हलत, तळं हलतं.”

मॅडम हसल्या. मास्क फुगला, डोळे बारीक झाले, आणि त्यांना स्वतःलाच त्या हसण्याचं नवल वाटल्यासारखं दिसलं. काठ मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, इथे मास्क काढला तर चालेल ना. कप्तान म्हणाला, इथे दुसरं आहे कोण. त्यांनी मास्क काढून पर्समध्ये ठेवला आणि पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

तळं म्हणायचं, पण त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. कप्तानानं माईक हातात घेतला. पाहुणी दोन हातांच्या अंतरावर बसलेली, माईकची काही गरज नव्हती, पण माईकशिवाय त्याला बोलायला सुचायचं नाही. त्यानं आधीच ठरवलं होतं, काळ्या खडकापर्यंत नेहमीचं बोलायचं आणि खडक ओलांडला की ते एक वाक्य. मग त्यानं सुरुवात केली. बर्फ कधी धरतो आणि कधी फुटतो, फुटताना कसा आवाज होतो, वडील त्या आवाजावरून हंगाम कसा जाईल ते कसं सांगायचे आणि ते नेहमी कसं चुकायचं. इंजिनाचा एकसुरी आवाज, पाण्यावर पसरलेलं ऊन, ना सावली ना वेळ. बोलता बोलता त्याला पाठीमागची बाकं भरल्यासारखी वाटायला लागली. कोणी तरी खोकलं, कोणी तरी कॅमेऱ्याचं बटण दाबलं, एका लहान मुलीनं पाण्यात हात बुडवला. मागे वळून बघायचं त्याला धाडस होईना, वळलं तर ती सगळी उतरून जातील.

काळा खडक आला आणि मागे गेला. कप्तानानं माईक बंद केला, घसा साफ केला, वाक्य तोंडात घेऊन तो वळला. मॅडम खांबाला डोकं टेकून झोपल्या होत्या.

आता काय करावं माणसानं? त्यानं एकदा खाकरून पाहिलं. त्या हलल्या नाहीत. तोंड किंचित उघडं होतं, एक हात पर्सवर, दुसरा बाकावरून खाली लोंबत होता. त्यानं इंजिनाचा वेग कमी केला, आणि वेग कमी केल्यावर इंजिनाचा धडधडाट जास्तच जाणवायला लागला, म्हणून ते बंदच केलं. ब्लँकेट उलगडून त्यांच्या अंगावर घातलं. थोरली आपोआप वाहू लागली, जिकडे पाणी नेईल तिकडे.

तो समोरच्या बाकावर बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपल्या बोटीत पाहुण्यासारखा बसला होता. एक पक्षी पाण्याला जवळजवळ टेकून गेला. कप्तान स्वतःशीच भांडू लागला. उठव की, मूर्खा. राजधानीतून ही बाई झोपायला आली का? खांद्याला हात लावायचा आणि म्हणायचं, मॅडम, माफ करा, पण एक सांगायचं होतं. एवढंच तर काम. मग त्यानं त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली, बसवाल्याकडून कळलेल्या त्या स्मशानांच्या व्यवस्थेची त्याला आठवण झाली, आणि खांद्याकडे निघालेला हात मांडीवर परत आला. एकदा, अगदी हळू, तो म्हणाला, “थोरली जाईल, मॅडम.” मॅडमचा श्वास होता तसाच चालू राहिला. म्हणजे सांगितलंच नाही असं काही म्हणता येणार नाही.

काठावरून गाडीचा हॉर्न ऐकू आला. मग दुसऱ्यांदा आला. मॅडम दचकून उठल्या आणि आपण कुठे आहोत हे कळेपर्यंत नुसत्या पाण्याकडे बघत राहिल्या. गालावर खांबाच्या लाकडाचा वळ उठला होता. त्यांनी अंगावरचं ब्लँकेट पाहिलं आणि ओशाळल्या. म्हणाल्या, कित्येक महिन्यांत मी अशी झोपले नव्हते, डोळे मिटले की फोन वाजतो असंच वाटतं. कप्तानानं इंजिन सुरू केलं. धक्का जवळ आला तेव्हा त्यांनी मास्क लावला, पर्स खांद्याला अडकवली आणि विचारलं,

“तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना? मावशी म्हणाल्या, कप्तान सांगतील.”

वाक्य तिथेच होतं, जिभेच्या टोकावर. कप्तानानं फळी लावली, तिच्यावर पाय रोवून उभा राहिला आणि त्यांना उतरायला हात दिला.

“शरदात या मॅडम,” तो म्हणाला. “तेव्हा काठावरची झाडं लाल होतात. अख्खं तळं लाल दिसतं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

येईन म्हणाल्या त्या. येईन सगळेच म्हणतात, पण त्यांनी ते इतकं मनापासून म्हटलं की कप्तानाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल स्वतःची लाजही वाटली.

सरकारचं उत्तर फोनवर आलं. मावशींनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं आणि चष्म्याच्या वरून वाचून दाखवलं. गाव नीटनेटकं आहे, माणसांचं मनोधैर्य उत्तम आहे, सेवेचा दर्जा तर वाखाणण्यासारखा. तूर्त मदतीची निकड दिसत नाही, ज्या गावांची स्थिती खरोखर बिकट आहे त्यांना आधी प्राधान्य द्यावं. कोणी मॅडमना बोल लावला नाही. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं होतं, आणि जे पाहिलं ते सगळ्यांनी मिळून, एकमेकांपासून लपून, पहाटे उठून तयार केलं होतं.

“हलाखीत नापास झालो रे आपण,” मावशी म्हणाल्या, आणि पडद्याचं टोक धरून डोळे पुसले.

कप्तानानं घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भांडी विसळत होती, ती विसळतच राहिली. शेवटी तिनं विचारलं की तुम्ही ते वाक्य बोललात की नाही. तो म्हणाला, त्यांना झोप लागली होती.

“आणि तुम्ही उठवलं नाहीत.”

“नाही.”

नळ बराच वेळ चालू राहिला. ती रागावणार, दोन शब्द सुनावणार, आणि सुनावलं तर बरंच होईल, असं वाटून कप्तान दाराशी उभा राहिला. तिनं नळ बंद केला, हात पुसले.

“ब्लँकेट घातलं होतं ना अंगावर?” ती म्हणाली.

“घातलं होतं.”

“मग झालं तर,” ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

महिनाअखेरीला कंत्राटदाराची दोन माणसं आली. कामाची माणसं होती, वाईट नव्हती. त्यांनी धक्क्यावरच छप्पर उतरवलं, बाकांचे बोल्ट सैल केले आणि एकेक बाक काढून धक्क्यावर ओळीनं मांडलं. ही तुमच्याकडेच ठेवा, दगडांना बाकं लागत नाहीत, असं त्यातला थोराड माणूस म्हणाला आणि आपल्याच बोलण्यानं जरा वरमला.

तो सुकाणूपाशी जाऊन बसला तसा कप्तान काठावर उकिडवा बसून त्याला सांगू लागला, आणि सांगायला लागल्यावर थांबेना. गारठ्यात ती एका दमात सुरू होत नाही, दोनदा प्रयत्न करायचा आणि मग जरा दम खायचा. उजव्या अंगाला ओढते, तिच्याशी जबरदस्ती करायची नाही, थोडं तिच्या मनानं जाऊ द्यायचं. मागच्या बाजूला एक फट आहे, दर उन्हाळ्यात डांबर भरतो, तरी झिरपतेच. ओझं एका बाजूला झालं तर चिडते. सगळं सगळं सांगितलं, एक खोड लपवली नाही. तो माणूस मान हलवत होता, पण त्याला निघायची घाई होती हे कप्तानालाही दिसत होतं. मग त्यानंच उठून दोर सोडला आणि गोळा करून बोटीत टाकला.

दोनदा प्रयत्न झाला, मधे दम खाऊन झाला, आणि थोरली सुरू झाली.

बायको केव्हा येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. दोघं धक्क्यावरच्या पहिल्या बाकावर बसली. थोरली लांब जायला लागली. कप्तानानं उभी हयात तिच्यात काढलेली, आधी वडलांच्या पायाशी बसून, मग सुकाणू धरून. ती कधी त्याला सोडून कुठे गेली नव्हती, त्यामुळे जाताना ती कशी दिसते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. छप्पर नसतानाही ती ताठ मानेनं चालली होती. मागे पाण्याची रेघ उमटत होती, रुंद होत होत काठापर्यंत येत होती. ऊन तिच्या पांढऱ्या कठड्यावर पडलं आणि क्षणभर नुसता कठडाच पाण्यावरून सरकताना दिसला.

“किती देखणी दिसते गं जाताना,” तो म्हणाला.

“मी रोज बघायचे,” बायको म्हणाली.